रेप्लिकेशन नेमकं कुठल्या पोर्टातून जातं?

बॅकअप ठेवणाऱ्या दोन यंत्रांमधलं रेप्लिकेशन (एकावरच्या डेटाची प्रत दुसऱ्यावर पाठवत राहणं) आपल्याला हव्या त्या नेटवर्क पोर्टातून कसं न्यावं, या विषयावरच्या निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. लिनक्सवर टाइप करताना त्या रोमन लिपीत लिहायच्या, आणि वेगळं सांगितलं नसेल तर लहान अक्षरांत. आयपी पत्ते उदाहरणापुरते आहेत.

प्रश्न: ऑफिसात दोन लिनक्स स्टोरेज सर्व्हर आहेत. रोज रात्री पहिल्यावरचे झेडएफएस (डेटा साठवायची प्रणाली) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या प्रती, एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून दुसऱ्यावर जातात. दोन्हींत १० गिगाबिटचं कार्ड टाकलं, वेगळा स्विच घेतला, कार्डांचे दिवेही लागले. पण रेप्लिकेशन अजून जुन्या १ गिगाबिटच्या पोर्टातूनच चाललंय. हे सेटिंग कुठे असतं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: असं सेटिंग बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये नसतंच, आणि माणूस नेमका तिथेच शोधत बसतो. पॅकेट कुठल्या कार्डातून बाहेर पडणार हे रेप्लिकेशनचा जॉब ठरवत नाही. ते ऑपरेटिंग सिस्टिमचं राउटिंग टेबल ठरवतं, आणि नेहमीच्या मांडणीत ते फक्त एकच गोष्ट बघतं: पॅकेटला कुठे पोचायचंय. तुमच्या जॉबमध्ये पोचायचं ठिकाण म्हणून बहुधा बॅकअप सर्व्हरचं नाव आहे, आणि डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) ते नाव ऑफिसच्या पत्त्याला जोडलेलं आहे. मग पॅकेट ऑफिसच्या पोर्टातूनच जाणार. नवं कार्ड कितीही वेगवान असो, त्याचा पत्ता कोणी विचारलेलाच नाही.

समजा मुख्य सर्व्हरचा ऑफिसातला पत्ता १९२.१६८.१.१० आणि बॅकअप सर्व्हरचा १९२.१६८.१.२० आहे. नव्या कार्डांना याच्याशी अजिबात संबंध नसलेलं सबनेट (पत्त्यांचा गट) द्या: मुख्य सर्व्हरला १०.१०.५०.१०, बॅकअप सर्व्हरला १०.१०.५०.२०, मास्क २५५.२५५.२५५.०. या कार्डांच्या सेटिंगमध्ये गेटवेची (सबनेटबाहेर नेणाऱ्या यंत्राच्या पत्त्याची) जागा रिकामी ठेवा. दोन्ही यंत्रं एकाच सबनेटमध्ये असल्यामुळे गेटवेची गरजच नाही. तिथे गेटवे भरला तर यंत्राकडे दोन डिफॉल्ट रूट (वेगळी वाट न लिहिलेल्या पॅकेटांची वाट) होतात आणि इंटरनेट, डीएनएस, ईमेल अलर्ट यांतलं काहीही चुकीच्या पोर्टातून जाऊ लागतं. या विषयावरच्या पत्रांत ही चूक सगळ्यात जास्त दिसते.

आता मुख्य सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये (यंत्रावरच नाव आणि पत्ता जोडणाऱ्या फाइलमध्ये) एक ओळ वाढवा: ‘१०.१०.५०.२० बॅकअप-रेप’. जॉबमध्ये पोचायचं ठिकाण म्हणून हे नवं नाव लिहा. थेट आकडे लिहूनही काम होतं, पण उद्या पत्ता बदलला तर दहा जॉबमध्ये शोधून बदलावा लागतो, आणि टीएलएस (प्रमाणपत्र तपासणारं एन्क्रिप्शन) वापरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही म्हणून जोडणी नाकारली जाते. जुनंच नाव नव्या पत्त्याकडे वळवण्याचा मोहही टाळा. त्या नावाने देखरेखीचं सॉफ्टवेअर आणि माणसं ऑफिसच्या पोर्टावर येत असतात, ती वाट तशीच राहू द्या.

इथपर्यंत करून रात्रीचा जॉब लावला की तो हमखास एका ठिकाणी अडतो. एसएसएचसाठी ‘बॅकअप-रेप’ हे अनोळखी यंत्र आहे. एसएसएच यजमान-किल्लीची (समोरचं यंत्र खरंच तेच आहे हे पटवणाऱ्या किल्लीची) खात्री मागतं, आणि रात्री ‘येस’ म्हणायला कोणी नसतं. लॉगमध्ये ‘होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड’ असं दिसेल. म्हणून जॉब ज्या युजरच्या नावाने चालतो, त्याच युजरने एकदा हाताने ‘एसएसएच बॅकअप-रेप’ करून किल्ली पडताळून स्वीकारा. रूट या मुख्य युजरच्या नावाने स्वीकारलेली किल्ली दुसऱ्या युजरच्या जॉबला उपयोगाची नाही. बॅकअप सर्व्हरची फायरवॉल फक्त ऑफिसच्या सबनेटला २२ नंबरचं टीसीपी पोर्ट (हा जोडणीचा क्रमांक, कार्डाचं पोर्ट नव्हे) उघडून देत असेल, तर तिथे १०.१०.५०.० चं सबनेटही घाला. एसएसएच सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘लिसनअॅड्रेस’ ऑफिसच्या पत्त्याला बांधलेला नाही ना, तेही बघून घ्या.

मग खात्री करा. ‘आयपी रूट गेट १०.१०.५०.२०’ ही आज्ञा दिली की उत्तरात ‘डेव्ह’च्या पुढे कार्डाचं नाव आणि ‘एसआरसी’च्या पुढे पाठवणाऱ्याचा पत्ता येतो. तिथे नवं कार्ड आणि १०.१०.५०.१० दिसलं पाहिजे. जॉब चालू असताना ‘एसएस -टीएन’ दिलं की चालू जोडणीची दोन्ही टोकं दिसतात. आणि ‘आयपी -एस लिंक शो’ पाच-दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा चालवून ज्या कार्डाचे बाइट झपाट्याने वाढतायत ते कार्ड बघा. यातला तिसरा पुरावा सगळ्यात पक्का. सेटिंग काय म्हणतं त्यापेक्षा मोजणी काय म्हणते ते माना.

वेगाची अपेक्षाही आधीच नीट ठेवा. १ गिगाबिटच्या तारेवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास मिळतात. १० गिगाबिटवर तार हजाराच्या वर देऊ शकते, पण मोजक्या फिरत्या डिस्कचा संच आणि एसएसएचचं एन्क्रिप्शन त्याच्या बरंच आधी थकतात. मोजणी नव्या कार्डावर दिसत असेल आणि वेग ३००-४०० वर थांबत असेल, तर राउटिंगमध्ये बिघाड शोधू नका. अडथळा डिस्कमध्ये किंवा प्रोसेसरमध्ये आहे.

प्रश्न: आम्ही दोन्ही कार्डांना ऑफिसच्याच सबनेटमधले पत्ते दिले: एकाला १९२.१६८.१.१०, दुसऱ्याला १९२.१६८.१.११. आरसिंकला ‘--अॅड्रेस’ देऊन ११ चा पत्ता बांधला. तरी पॅकेट पहिल्या कार्डातून जातात. असं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: पत्ता बांधणं आणि कार्ड बांधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘--अॅड्रेस’मुळे किंवा एसएसएचच्या ‘-बी’मुळे पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता ११ असा पडतो. पण लिनक्स पत्ता हा कार्डाचा नाही, तर यंत्राचा मानतं. ११ चा पत्ता असलेलं पॅकेट १० च्या कार्डातून पाठवायला त्याची काहीच हरकत नसते. राउटिंग टेबलात एकाच सबनेटच्या दोन ओळी असतात आणि कमी मेट्रिकची (पसंतीच्या आकड्याची) ओळ जिंकते. (एसएसएचलाच मोठ्या अक्षरातलं ‘-बी’ देऊन कार्डाचं नाव बांधता येतं, पण तो एका जॉबपुरता उपाय झाला.)

येणाऱ्या बाजूलाही हाच घोळ असतो. ‘११ कोण?’ अशी एआरपी चौकशी आली की लिनक्सचं कुठलंही कार्ड ‘मी’ म्हणून उत्तर देऊ शकतं. मग समोरच्या यंत्राने ११ साठी पहिल्या कार्डाचा मॅक (हार्डवेअरचा) पत्ता लिहून ठेवला तर येणारं सगळं ट्रॅफिक तिकडेच जातं, आणि हे दर रीस्टार्टला बदलू शकतं. ‘एआरपी_इग्नोर’ १ आणि ‘एआरपी_अनाउन्स’ २ केलं, आणि वर प्रत्येक पत्त्यासाठी वेगळं राउटिंग टेबल केलं, तर हे सावरता येतं. पण आमचा सल्ला स्पष्ट आहे: सावरत बसू नका, सबनेट बदला. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढे जो कोणी हे यंत्र सांभाळेल त्यालाही ते कळेल.

दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत असतील तर स्विचचीही गरज नाही. एका सर्व्हरच्या पोर्टातून दुसऱ्याच्या पोर्टात थेट केबल लावा. १०-गिगाबिटचं तांब्याचं पोर्ट असेल तर कॅट-६ केबल सुमारे ५५ मीटरपर्यंत आणि कॅट-६ए १०० मीटरपर्यंत चालते. क्रॉस केबल शोधायची गरज गिगाबिटच्या जमान्यापासून राहिलेली नाही.

प्रश्न: मुख्य कार्यालय पुण्यात, डीआर साइट (आपत्तीत वापरायची पर्यायी जागा) नागपूरला. दोन्हीकडे एक ब्रॉडबँड आणि एक १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट) एमपीएलएस लाइन, म्हणजे दोन कार्यालयांमधली खासगी लाइन, आहे. ब्रॉडबँड डिफॉल्ट गेटवेवर आहे. रेप्लिकेशन फक्त एमपीएलएसवरून जावं म्हणून पुण्यात स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेली वाट) टाकला, तर जोडणीच होईना. पिंग कधी जातं, कधी जात नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर: पुण्यातला रूट बरोबर असला तरी तो अर्धंच काम करतो. पॅकेट नागपूरला एमपीएलएसने पोचतं. नागपूरचा सर्व्हर उत्तर द्यायला स्वतःचं राउटिंग टेबल उघडतो, तिथे पुण्याच्या रेप्लिकेशन सबनेटची ओळच नाही, म्हणून उत्तर डिफॉल्ट गेटवेकडे, म्हणजे ब्रॉडबँडच्या फायरवॉलकडे जातं. त्या फायरवॉलने जोडणीची सुरुवात पाहिलेली नाही, तिला हे मधलंच पॅकेट वाटतं, आणि ती ते टाकून देते.

दोन्ही टोकांना ओळी टाका. पुण्याचं रेप्लिकेशन सबनेट १०.१०.५०.०/२४, नागपूरचं १०.२०.६०.०/२४, आणि दोन्हीकडे एमपीएलएस राउटरचा पत्ता .१ व सर्व्हरच्या त्या बाजूच्या कार्डाचं नाव ईएनएस२ धरू (/२४ म्हणजे वरचाच २५५.२५५.२५५.० मास्क). पुण्याच्या सर्व्हरवर: ‘आयपी रूट अॅड १०.२०.६०.०/२४ व्हाया १०.१०.५०.१ डेव्ह ईएनएस२’. नागपूरच्या सर्व्हरवर त्याचं उलटं: ‘आयपी रूट अॅड १०.१०.५०.०/२४ व्हाया १०.२०.६०.१ डेव्ह ईएनएस२’. मधल्या एमपीएलएस राउटरांनाही ही दोन सबनेट माहीत असली पाहिजेत. लाइन देणाऱ्या कंपनीकडे ती लेखी नोंदवून घ्या, कारण त्यांच्या बाजूला रूट नसेल तर तुमच्याकडून कितीही खटपट करा, काही होत नाही.

ही आज्ञा रीस्टार्टनंतर पुसली जाते. नेटवर्कमॅनेजर असेल तर ‘एनएमसीएलआय’ने त्या जोडणीच्या ‘आयपीव्ही४.रूट्स’मध्ये ओळ जोडा. उबंटू सर्व्हरवर नेटप्लॅनच्या फाइलमध्ये त्या कार्डाखाली ‘रूट्स’ लिहा. ट्रूनॅससारख्या तयार प्रणालीत ती स्टॅटिक रूटच्या पानावरूनच भरा. कमांड लाइनवर केलेला बदल तिथे टिकत नाही.

एवढं करूनही पिंग अधूनमधून बंद पडत असेल तर ‘आरपी_फिल्टर’ बघा. याची किंमत १ असेल तर लिनक्स प्रत्येक आलेल्या पॅकेटला विचारतं: याला उत्तर द्यायचं झालं तर मी याच कार्डातून देईन का? नसेल तर पॅकेट गुपचूप टाकतं, लॉगमध्येही काही लिहीत नाही. दोन्हीकडचे रूट नीट असतील तर ही अडचण येतच नाही. काही कारणाने वाट वाकडी ठेवावीच लागली तर त्या कार्डापुरती किंमत २ करा. सरसकट ० करू नका.

आता थोडी गुंतागुंतीची स्थिती. नागपूरच्या सर्व्हरला एकच पत्ता असेल, त्यावर ऑफिसचं व्यवस्थापन ब्रॉडबँडच्या व्हीपीएनवरून यायला हवं आणि रेप्लिकेशन मात्र एमपीएलएसवरून, तर पोचायच्या पत्त्यावरून निवड करताच येत नाही. पहिला पर्याय म्हणजे नागपूरला दुसरा पत्ता घेणं, आणि तोच चांगला. ते शक्य नसेल तर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून निवड करा: ‘आयपी रूल अॅड फ्रॉम १०.१०.५०.१० टेबल १००’, आणि ‘आयपी रूट अॅड डिफॉल्ट व्हाया १०.१०.५०.१ डेव्ह ईएनएस२ टेबल १००’. मग जॉबला सांगावं लागतं की पाठवणाऱ्याचा पत्ता १०.१०.५०.१० घे. कोल्हापूरच्या उत्तरात जी लहान अक्षरातली ‘-बी’ निरुपयोगी ठरली, ती इथे कामाची ठरते, कारण आता तिच्या जोडीला नियम आहे. परतीची वाट इथेही विसरू नका.

लाइनच्या हिशोबाबद्दल. १०० एमबीपीएस म्हणजे तासाला जास्तीत जास्त ४५ जीबी. रात्री १० ते सकाळी ६ या आठ तासांत, सगळं सुरळीत धरलं तरी, ३६० जीबीच्या वर काही जात नाही. प्रत्यक्षात ३०० धरा. पहिली पूर्ण प्रत १० टीबीची असेल तर ती लाइनवरून न्यायला सलग नऊ दिवसांहून जास्त लागतील. म्हणून पहिली प्रत पुण्यातच, दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून करा, मग नागपूरचं यंत्र गाडीने न्या. तिथे पत्ते बदला आणि पुढचे फरक तेवढे लाइनवरून पाठवा.

एकच प्रवाह पूर्ण लाइन भरत नसेल तर टीसीपीच्या खिडकीचा (पोच मिळायच्या आधी किती डेटा पाठवता येतो त्या मर्यादेचा) हिशोब करा. दोन टोकांमधला फेरा २० मिलिसेकंदांचा असेल तर १०० एमबीपीएस भरून ठेवायला एका वेळी सुमारे २५० केबी वाटेत असावे लागतात. एखादं जुनं यंत्र किंवा मधला प्रॉक्सी खिडकी ६४ केबीवर अडवत असेल तर २६ एमबीपीएसच्या वर जाता येणार नाही. ‘लाइन १०० ची, मिळतात २५’ ही तक्रार आली की आधी हाच भागाकार करून बघा. आणि दिवसा रेप्लिकेशन चालूच ठेवायचं असेल तर आरसिंकला ‘--बीडब्ल्यूलिमिट=८०००’ द्या. हा आकडा किलोबाइटमध्ये असतो, किलोबिटमध्ये नाही. ८००० म्हणजे जवळपास ६५ एमबीपीएस.

प्रश्न: डेटा डोमेन या बॅकअप साठवणाऱ्या प्रणालीच्या दोन यंत्रांमध्ये एमट्री (तिच्यातला डेटाचा एक विभाग) रेप्लिकेशन चालू आहे. नवं पोर्ट दिलं, पण कॉन्टेक्स्टच्या (रेप्लिकेशनच्या जोडीच्या नोंदीच्या) नावातच जुनं होस्टनेम आहे. सगळं मोडून पहिल्यापासून करावं लागेल का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर: मोडू नका. कॉन्टेक्स्टचं नाव आणि प्रत्यक्ष जोडणीचा पत्ता या प्रणालीत वेगळे ठेवता येतात. दोन्ही यंत्रांवर नव्या पोर्टांना नव्या सबनेटचे पत्ते द्या. मधे राउटर असेल तर ‘नेट रूट अॅड’ने दोन्हीकडे रूट टाका. स्रोत यंत्रावर ‘नेट होस्ट्स अॅड’ने दुसऱ्या यंत्राच्या नव्या पत्त्याला एक वेगळं नाव द्या. मग स्रोतावर तो कॉन्टेक्स्ट ‘रेप्लिकेशन डिसेबल’ने थांबवा, ‘रेप्लिकेशन मॉडिफाय’ला कॉन्टेक्स्टचं नाव देऊन पुढे ‘कनेक्शन-होस्ट’ आणि ते नवं नाव लिहा, आणि ‘रेप्लिकेशन एनेबल’ करा. नोंदी आणि आधी गेलेला डेटा जागेवर राहतो.

मधल्या फायरवॉलमध्ये टीसीपी २०५१ हे पोर्ट नव्या पत्त्यांच्या जोडीसाठी उघडायला हवं. जुन्या पत्त्यांसाठीचा नियम तिथे असतोच, म्हणून ‘पोर्ट उघडंय’ असं उत्तर मिळतं. नियमातले पत्ते स्वतः वाचून बघा. कॉन्टेक्स्ट अनेक असतील तर हा बदल प्रत्येकाला वेगळा करावा लागतो. एक राहून गेला तर तो जुन्या वाटेने मुकाट्याने चालू राहतो.

प्रश्न: नेटअॅपच्या स्नॅपमिरर या रेप्लिकेशन सुविधेसाठीही होस्ट्स फाइलच बदलायची का? (एक वाचक, हैदराबाद)

उत्तर: नाही. तिथे रेप्लिकेशनसाठी इंटरक्लस्टर लिफ नावाचा खास पत्ता असतो, आणि तो ज्या पोर्टावर बसवाल तीच वाट. क्लस्टरच्या (एकत्र चालणाऱ्या यंत्रांच्या गटाच्या) प्रत्येक नोडवर, म्हणजे यंत्रावर, असा एक लिफ हवा. ‘नेटवर्क इंटरफेस क्रिएट’ करताना ऑनटॅप या नेटअॅपच्या प्रणालीच्या ९.६ आणि पुढच्या आवृत्तीत सर्व्हिस पॉलिसी ‘डिफॉल्ट-इंटरक्लस्टर’ द्या. त्याआधीच्या आवृत्तीत रोल ‘इंटरक्लस्टर’ असायचा. लिफ बदलल्यावर समोरच्या क्लस्टरवर ‘क्लस्टर पीअर मॉडिफाय’ने ‘पीअर-अॅड्र्स’ची यादी नवी करा. टीसीपी १११०४ आणि ११०५ नव्हे, तर १११०४ आणि १११०५ अशी जोडी फायरवॉलमध्ये लागते. दुसऱ्या आकड्यात एक अंक गळण्याची चूक सहज होते. एका क्लस्टरचा प्रत्येक इंटरक्लस्टर लिफ दुसऱ्याच्या प्रत्येक लिफपर्यंत पोचला पाहिजे. दोन्हीकडे दोन-दोन लिफ असतील तर चारांपैकी एक जोडी बंद असली की रेप्लिकेशन कधी चालतं, कधी अडतं.

प्रश्न: ट्रूनॅसवर ‘एसएसएच + नेटकॅट’ निवडलं तर एसएसएच नव्या पोर्टातून आणि डेटा जुन्यातून जातो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: या पद्धतीत दोन जोडण्या होतात. एसएसएचवरून फक्त बोलणी होतात, डेटाची जोडणी वेगळी असते आणि तिचा पत्ताही वेगळा ठरतो. रेप्लिकेशन टास्कमध्ये ‘नेटकॅट अॅक्टिव्ह साइड लिसन अॅड्रेस’ आणि ‘नेटकॅट अॅक्टिव्ह साइड कनेक्ट अॅड्रेस’ अशा दोन जागा आहेत. ‘अॅक्टिव्ह साइड’ म्हणून जे यंत्र निवडलंय, त्याचा रेप्लिकेशन पोर्टाचा पत्ता दोन्हीकडे भरा. तिथेच टीसीपी पोर्टांच्या क्रमांकांची किमान-कमाल मर्यादाही ठरवा, म्हणजे फायरवॉलमध्ये तेवढीच उघडता येतील.

एक गोष्ट लक्षात ठेवा: नेटकॅटचा डेटा एन्क्रिप्ट होत नाही. थेट केबलवर किंवा बंद व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये) हरकत नाही. शहराबाहेर जाणाऱ्या लाइनवर साधं एसएसएच वापरा, वेग थोडा कमी मिळाला तरी चालेल.

प्रश्न: रेप्लिकेशनच्या पोर्टांवर जम्बो फ्रेम (१५०० ऐवजी ९००० बाइटची पॅकेट) चालू केल्यापासून लॉगिन होतं, छोट्या फाइल जातात, मोठी फाइल मात्र सुरू होऊन जागीच थांबते. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: वाटेतलं कुठलंतरी पोर्ट अजून १५०० वर आहे. लॉगिनची आणि छोट्या फाइलींची पॅकेट १५०० च्या आत बसतात, म्हणून ती जातात. मोठी फाइल ९००० ची पॅकेट भरून पाठवू लागते आणि मधला स्विच ती टाकतो. टीसीपी तेच पॅकेट पुन्हापुन्हा पाठवत बसतं.

लिनक्सवरून ‘पिंग -एम डू -एस ८९७२’ (यातलं ‘एम’ मोठ्या अक्षरात) आणि पुढे समोरचा पत्ता देऊन बघा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा केले की ८९७२ उरतात. हे पिंग गेलं नाही आणि १४७२ चं गेलं, तर निदान पक्कं झालं. दोन्ही कार्डं, बाँड (एकत्र बांधलेली पोर्टं) असेल तर बाँड, व्हीलॅनचं पोर्ट आणि स्विचची सगळी मधली पोर्टं तपासा. स्विचवर आकडा ९००० पेक्षा थोडा वरचा ठेवतात, कारण तो इथरनेटचं शीर्षकही मोजतो. बऱ्याच स्विचांवर तो ९२१६ असतो. लीज लाइन किंवा व्हीपीएनवर जम्बो फ्रेमच्या नादी लागू नका. तिथे अनेकदा १५०० सुद्धा पूर्ण मिळत नाहीत.

प्रश्न: १ गिगाबिटची दोन पोर्टं एलएसीपीने (पोर्टं एकत्र बांधायच्या पद्धतीने) जोडली, तरी रेप्लिकेशन सेकंदाला ११० मेगाबाइटच्या वर जात नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर: जाणारही नाही. एलएसीपी एका जोडणीची पॅकेट दोन तारांवर वाटत नाही, कारण मग ती क्रम सोडून पोचतील. एक टीसीपी प्रवाह, एक तार. पाच जॉब एकदम चालत असतील आणि दोन्हीकडे हॅश (कुठला प्रवाह कुठल्या तारेवर जाईल हे ठरवणारा नियम) ‘लेअर३+४’ असेल, तर ते दोन तारांवर पसरतील. एकाच मोठ्या झेडएफएस प्रवाहाला फायदा हवा असेल तर २.५ किंवा १० गिगाबिटचं कार्ड घ्या. बाँड ठेवायचाच असेल तर तार तुटली तरी काम चालू राहावं यासाठी ठेवा, ते कारण चांगलं आहे.

प्रश्न: विंडोज सर्व्हरचं स्टोरेज रेप्लिका दोन्ही कार्डांवर पसरतं. एकाच कार्डावर कसं बांधायचं? (एक वाचक, पणजी)

उत्तर: स्टोरेज रेप्लिका एसएमबी या विंडोजच्या फाइल-वाटपाच्या पद्धतीवरून चालतं, आणि एसएमबी मल्टिचॅनेल समान वेगाची कार्डं दिसली की सगळी वापरतं. ‘गेट-नेटआयपीकॉन्फिगरेशन’ने दोन्ही सर्व्हरवरच्या हव्या त्या कार्डांचे इंटरफेस क्रमांक घ्या, आणि ‘सेट-एसआरनेटवर्ककन्स्ट्रेंट’ला स्रोताचा व पोचायच्या ठिकाणचा सर्व्हर, दोन्ही रेप्लिकेशन ग्रुप आणि ते क्रमांक द्या. कार्ड बदललं किंवा ड्रायव्हर नव्याने टाकला तर क्रमांक बदलू शकतो. त्यानंतर हे बंधन पुन्हा तपासायला विसरू नका.

प्रश्न: आमचं रेप्लिकेशन एमपीएलएसवरून नीट चालतं. पण ती लाइन बंद पडली की ते आपोआप ब्रॉडबँडवर येतं आणि ऑफिसचं सगळं काम ठप्प होतं. हे थांबवता येईल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: येईल. कार्डाची तार निघाली किंवा समोरचं यंत्र बंद झालं की नेटवर्कमॅनेजर त्या कार्डाचे रूट काढून टाकतो. मग दूरच्या सबनेटसाठी डिफॉल्ट गेटवेच उरतो, आणि ब्रॉडबँडवर साइट-टू-साइट व्हीपीएन असेल तर रेप्लिकेशन खुशाल तिकडून वाहू लागतं. यावर त्याच सबनेटसाठी कमी पसंतीची एक बंद वाट लिहून ठेवा: ‘आयपी रूट अॅड अनरीचेबल १०.२०.६०.०/२४ मेट्रिक ५०००’. एमपीएलएसचा रूट जागेवर असेपर्यंत त्याचं मेट्रिक कमी असल्याने तोच चालतो. तो गेला की ही ओळ पुढे येते, आणि जॉबला ताबडतोब ‘पोचता येत नाही’ असं उत्तर मिळतं. ही ओळही कायमच्या सेटिंगमध्ये लिहा. त्याच्या जोडीला ऑफिसच्या फायरवॉलवर रेप्लिकेशन सबनेटकडून ब्रॉडबँडकडे जाणारं ट्रॅफिक अडवणारा नियम ठेवा, कारण लाइन दूर कुठेतरी तुटली आणि तुमच्या राउटरचं पोर्ट जिवंत राहिलं, तर सर्व्हरला काही कळतच नाही. तेव्हा राउटरच वाट बदलतो.

अडवायचं की वाहू द्यायचं हा निर्णय मात्र धंद्याचा आहे. चार तासांहून जास्त जुनी प्रत चालणार नाही असं ठरलं असेल, तर पूर्ण बंद करण्याऐवजी ब्रॉडबँडवर १० एमबीपीएसची मर्यादा लावून वाहू देणं योग्य. हे मालकांना किंवा व्यवस्थापनाला आधीच विचारून लिहून ठेवा. लाइन तुटलेली असताना रात्री दोन वाजता हा प्रश्न सोडवायची वेळ कोणावर येऊ नये.

मांडणी झाली की कामाच्या दिवशी, सांगून-सवरून, जॉब चालू असताना रेप्लिकेशनची केबल काढा. ब्रॉडबँडच्या पोर्टाची मोजणी वाढते का ते बघा, जॉब किती वेळात चूक दाखवतो ते बघा, आणि अलर्टचा ईमेल खरंच येतो का तेही. नंतर केबल लावा. आरसिंकला ‘--पार्शल’ दिलेलं असेल तर अर्धी फाइल वाया जात नाही. झेडएफएसमध्ये घेणाऱ्या बाजूला ‘रिसीव्ह -एस’ वापरलं असेल तर ‘रिसीव्ह_रिझ्यूम_टोकन’ मिळतं, आणि ते ‘सेंड -टी’ला दिलं की प्रवाह तुटला तिथून पुढे सुरू होतो. हे टोकन नसेल तर ३०० जीबीचा स्नॅपशॉट २९० वर तुटला तरी पुन्हा शून्यापासून पाठवावा लागतो.